लेफ्टचा बाण मोटरसायकलला येतच नाही, सिग्नलला बाईक दिसत नसेल तर काय करता?

पहाटेचा_स्वार

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहायला बसलो कारण हे प्रकरण रोज डोक्यात जातंय. मी साताऱ्याचा, तीन वर्षं झाली कॅलिफोर्नियात बे एरियात आहे, गाडी रिबेल ३००. पहाटेची शिफ्ट म्हणून पावणेपाचला घर सोडतो. वाटेत एक मोठा चौक लागतो, तिथे मला लेफ्ट घ्यायचा असतो (इथला लेफ्ट म्हणजे आपल्याकडचा राईट समजा, समोरून येणारी वाहनं ओलांडून जायचं) आणि त्या लेनला वेगळा हिरवा बाण आहे. तर होतं काय की आडवा रस्ता हिरवा होतो, मग माझ्या शेजारच्या सरळ जाणाऱ्या लेन हिरव्या होतात, परत आडवा रस्ता, आणि माझा बाण काही येत नाही. मी तिथे उभा आहे हे त्या सिग्नलच्या गावीही नसतं.

परवा घड्याळ लावून बघितलं, ६ मिनिटं. शेवटी मागून एक कार आली तेव्हा कुठे बाण पडला.

वेळेचं एक सोडा, मला भीती त्या थांबण्याची वाटते. अंधार असतो, रस्ता मोकळा म्हणून गाड्या सुसाट येतात, आणि लेफ्ट लेनमधे मी एकटा एका छोट्या लाल दिव्यानिशी उभा. कोणी पेंगत आला तर मला बघणार आहे का? मागच्या आठवड्यात एकदा दोन्हीकडे नीट बघून लाल असतानाच गेलो. काही झालं नाही पण दिवसभर मनाला लागून राहिलं, घरीही सांगितलं नाही.

दोन गोष्टी विचारायच्यात. सिग्नलला बाईक कळावी म्हणून काही करता येतं का, आणि असा अडकल्यावर लाल ओलांडला तर कायदा काय म्हणतो.

मिलवॉकीचा_वऱ्हाडी

भाऊ आमच्याकडे विस्कॉन्सिनात यासाठी कायदाच आहे. मोटरसायकल, मोपेड, सायकल यांनी पूर्ण थांबायचं, कमीत कमी ४५ सेकंद वाट बघायची, सिग्नल गाडी ओळखून बदलणारा आहे असं वाटायला कारण पाहिजे, आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी वाट देऊन निघायचं. सगळीकडे याला डेड रेड म्हणतात. पण हे राज्याराज्यात वेगळं आहे आणि कॅलिफोर्नियात असं कलम नाही, तेव्हा तू आमच्या भरवशावर लाल तोडू नको. पकडलं तर दंड चांगलाच बसतो तिकडे.

चिंचवडकर_ऑस्टिन

सोपा उपाय सांगतो, ऑनलाईन निओडिमियम चुंबक मिळतात खास यासाठी, गाडीच्या पोटाला खाली चिकटवायचे. माझ्या मित्राने लावलेत, तो म्हणतो लगेच हिरवा होतो.

पेटीतला_माणूस

थोडं सविस्तर लिहितो कारण गेली चौदा वर्षं पोटापाण्याचा धंदाच हा आहे. सिग्नल टेक्निशियन आहे, एका कॉन्ट्रॅक्टरकडे. चौकाच्या कोपऱ्यावर जी चंदेरी पेटी असते ना, तिच्यात डोकं घालून अर्धं आयुष्य गेलं.

आधी हे की वजनाचा काहीही संबंध नाही. कितीतरी जण गाडीवर उड्या मारताना बघितलेत मी. रस्त्यात स्टॉप लाईनच्या मागे करवतीने कापलेली बारीक खाच दिसेल, काळ्या मसाल्याने बुजवलेली. कधी चौकोन, कधी गोल, कधी मधोमध एक रेघ असलेला लांबट आयत. त्या खाचेत दोनेक इंच खाली वायरचे तीन-चार वेढे असतात, नेहमीचा चौकोन म्हणजे ६ फूट बाय ६ फूट. याला लूप म्हणतात. वायर तिथून रस्त्याखालून पेटीत येते आणि एका कार्डाला जोडलेली असते. ते कार्ड लूपमधून उलटसुलट करंट खेळवत असतं, सेकंदाला १० हजार ते २ लाख फेऱ्यांच्या पट्ट्यात कुठेतरी. वर धातू आला की त्या धातूत भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह उठतात, एडी करंट, त्यांच्यामुळे लूपचा इंडक्टन्स (म्हणजे करंटच्या बदलाला वेढे जो विरोध करतात तो) किंचित उतरतो आणि फ्रीक्वेन्सी चढते. ती चढ ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेली की कार्ड कंट्रोलरला कळवतं की गिऱ्हाईक आलंय, याच्यासाठी हिरवा लाव.

आता कारचं पोट कसं, पत्र्याचं, सपाट, रस्त्याला लागून, अख्खा लूप झाकून टाकतं. बाईक म्हणजे उभी पट्टी. वरून बघितलं तर किती जागा व्यापते ती. म्हणून बदल फार थोडा होतो आणि कार्डाची सेन्सिटिव्हिटी कमी ठेवलेली असेल तर ते सरळ दुर्लक्ष करतं. उंच ट्रकचाही हाच घोळ होतो बरं का, त्याची चासी इतकी वर असते की लूपला नीट लागत नाही.

चुंबकाबद्दल, चिंचवडकर राग मानू नका पण ते पैसे वाया आहेत. लूप स्वतःचं बदलतं क्षेत्र तयार करतो आणि त्यात धातूत करंट उठतो का एवढंच बघतो, गाडीला चिकटलेला चुंबक स्थिर असतो, त्याने इंडक्टन्सला काही फरक पडत नाही. लोखंडच हवं असंही नाही, ॲल्युमिनियम उत्तम चालतं. तुमच्या मित्राने चुंबक लावल्यावर बहुतेक उभं राहायची जागाच बदलली असेल.

स्वारदादा तुझ्या चौकाबद्दल अजून एक. लूप तुटलेला असता तर उलटं झालं असतं. वायर तुटली की बहुतेक कार्डं सतत "गाडी आहे" असंच सांगत राहतात, कोणी अडकून पडू नये म्हणून तशी सोयच असते. म्हणजे मग रिकाम्या लेनलाही प्रत्येक राऊंडला बाण पडला असता. कार आली की बाण येतो आणि तू असलास की येत नाही याचा अर्थ लूप जिवंत आहे, तुझ्यासाठी बोथट आहे.

आता सांग, तू नक्की कुठे उभा राहतोस? लेनमधे कुठे आणि स्टॉप लाईनपासून किती?

पहाटेचा_स्वार

पेटीतले दादा इतकं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं, मनापासून धन्यवाद.

कुठे उभा राहतो म्हणाल तर स्टॉप लाईनच्या थोडा पुढे, झेब्राच्या तोंडाशी. सवयच ती. पोवई नाक्यावर आणि पुढे कॉलेजला पुण्यात गाडी शिकलो, तिथे टू व्हीलरवाल्याने मागे राहून चालत नाही, कारच्या आणि बसच्या मधून वाट काढत पुढे यायचं आणि अगदी नाकाशी थांबायचं, म्हणजे हिरवा पडला की आपण आधी सुटतो आणि बसच्या चाकापासून लांब राहतो. इथे तर पुढे कोणी नसतंच त्यामुळे मी सरळ पुढे जाऊनच थांबतो. इथे याने काही फरक पडतो का?

पेटीतला_माणूस

सापडलं!

अरे तू लूपच्या पुढे जाऊन उभा राहतोयस. शेवटचा लूप स्टॉप लाईनच्या मागे संपतो. त्यातून या लेनला बहुतेक ठिकाणी मागणी लक्षात ठेवायची सोय बंद ठेवलेली असते, म्हणजे गाडी लूपवर आहे तोवर मागणी आहे, उतरली की पुसली. असं मुद्दाम ठेवतात, नाहीतर कोणी लेफ्ट लेनमधून लेन बदलून निघून गेला तरी रिकाम्या लेनला हिरवा जाईल आणि बाकीचे ताटकळतील. तू येताना लूपवरून गेलास, कार्डाला क्षणभर दिसलासही असशील, पण झेब्रावर गेलास आणि तुझं नाव यादीतून गेलं. मग तिथे तासभर उभा राहिलास तरी काही नाही.

उद्या असं कर. स्टॉप लाईनच्या मागे थांब. खाच दिसली की तिच्या कडेच्या, म्हणजे तुझ्या प्रवासाच्या दिशेने लांब जाणाऱ्या रेघेवर दोन्ही चाकं ठेव. डावी किंवा उजवी, कुठलीही. चौकोनाच्या बरोब्बर मधे उभं राहणं बाईकसाठी सगळ्यात वाईट. मात्र मधोमध रेघ असलेला आयत असेल तर नेमकं उलटं, ती मधली रेघ सगळ्यात तेज असते कारण तिच्यात दोन्ही बाजूंच्या वायरी एकाच दिशेने करंट नेतात. गोल असेल तर परिघाच्या डाव्या किंवा उजव्या टोकावर.

स्कूटरवाली_मावशी

पहाटेच्या स्वारा, तुझी पोस्ट वाचून पोटात गलबललं रे. माझा मुलगा तुझ्याच वयाचा असेल. मी व्हर्जिनियात, गेली आठ वर्षं १५० ची स्कूटर चालवते, क्लिनिकला जायला यायला.

आमच्याकडे कायदा असा की मोटरसायकल, मोपेड, सायकल यांनी सिग्नलचे दोन पूर्ण राऊंड किंवा १२० सेकंद, यातलं जे आधी होईल तेवढं थांबायचं, मग काळजी घेऊन, इतरांना वाट देऊन जायचं. तरी मी कधीच जात नाही, आठ वर्षांत एकदाही नाही, मोठ्या चौकात तर नाहीच. त्यापेक्षा उजवीकडे वळते. राईट ऑन रेडला बंदीची पाटी नसेल तर थांबून, बघून उजवीकडे वळायचं, पुढे सुरक्षित जागी यू टर्न घ्यायचा आणि परत चौकात सरळ यायचं. दोन मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

थांबलेली असताना मी गाडी गिअरमधे ठेवते किंवा स्कूटरला ब्रेक धरून तयार असते, नजर आरशात, मागून दिवे दिसले की ब्रेक दोन-तीनदा दाबून मागचा लाल दिवा उघडमीट करते. आणि लेनच्या एका बाजूला राहते म्हणजे वेळ पडली तर निसटायला वाट असते. तू घरी सांगितलं नाहीस म्हणतोस, सांग. कोणत्या रस्त्याने जातोस ते घरच्यांना माहीत असावं.

आणि तक्रार कर, ती फार महत्त्वाची आहे. लोकांना वाटतं कोण ऐकणार, पण ऐकतात. मी आमच्या इथे दोन चौकांची केली होती, एक दहा दिवसांत झाला. दुसऱ्यासाठी तीनदा लिहावं लागलं.

चिंचवडकर_ऑस्टिन

चुंबकाचं मान्य, मित्राला विचारलं, तो म्हणाला चुंबक लावल्यापासून तो खाच शोधून तिच्यावर उभा राहतो, कारण पाकिटावर तसं लिहिलं होतं 😄 म्हणजे काम खाचेचं आणि पैसे चुंबकाला.

बरं साईड स्टँड खाली टेकवायची ट्रिक पण ऐकलीय, ती?

पेटीतला_माणूस

स्टँड बरोब्बर वायरवर टेकला तर कधी कधी तेवढ्याने काठावरचं काम होतं, कारण लोखंड वायरच्या अगदी जवळ येतं. पण बहुतेक नव्या गाड्या गिअरमधे असताना स्टँड काढला की इंजिन बंद होतं, मग न्यूट्रल करा, आणि मावशी म्हणतात तसं पळायची वेळ आली तर तुम्ही न्यूट्रलमधे स्टँडवर. माझ्या मते नको. इंजिन बंद-चालू करणं, हाय बीम मारणं, हे तर सोडूनच द्या. अप्पर-डिप्परने हिरवा होतो हे खूळ आलंय ते फायर ब्रिगेडच्या गाड्यांवरून, त्यांच्याकडे ठरलेल्या गतीने लुकलुकणारा खास दिवा असतो आणि खांबावर तो ओळखणारा सेन्सर. हेडलाईटची उघडझाप तो ओळखत नाही.

निवृत्त_मास्तर_नाशिक

मुलीकडे सहा महिने न्यू जर्सीला आलो आहे, आयुष्यभर पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं म्हणून राहवलं नाही. पेटीतले साहेब अगदी बरोबर सांगत आहेत, त्यात फक्त कारण जोडतो, कारण कारण कळलं की जागा लक्षात राहते.

वायरमधून करंट गेला की चुंबकीय क्षेत्र वायरभोवती गोल गोल फिरतं. चौकोनाच्या मध्यभागी सगळ्या बाजूंचं क्षेत्र मिळून ते सरळ वर जातं, उभं. तुमचं चाक पण उभं. उभ्या चाकातून उभं क्षेत्र आरपार जात नाही, नुसतं कडेने निघून जातं. म्हणून मध्यभागी चाकात करंट उठत नाही. आता वायरच्या बरोब्बर वर या. तिथे क्षेत्र वायरला वळसा घालताना आडवं झालेलं असतं, आणि वायरच्या दिशेने ठेवलेल्या चाकाला ते काटकोनात भेदून जातं. धातूची रिम म्हणजे तर बंद कडंच की, त्यात करंट फिरतो आणि लूपला जाणवतो. म्हणूनच नीट लावलेला लूप साध्या ॲल्युमिनियम रिमच्या सायकललासुद्धा ओळखतो. वर्गात हे शिकवायला मी बांगडी आणि कॉईल वापरायचो, बांगडी आडवी धरा, उभी धरा, मीटरचा काटा बघा. मुलांचे डोळे चमकायचे.

वजनाचा समज कुठून आला तेही सांगतो. तो अगदी खोटा नव्हता. १९२८ साली बाल्टिमोरमधे चार्ल्स ॲडलर ज्युनियर या संशोधकाने पहिला असा सिग्नल बसवला जो वाहन आल्यावर बदलायचा, आणि तो चालायचा हॉर्नवर! खांबावर मायक्रोफोन, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला की दिवा बदले. आजूबाजूच्या घरांना किती त्रास झाला असेल. त्याच सुमारास हेन्री हॉ या इलेक्ट्रिकल इंजिनिअरने रस्त्यात दोन धातूच्या पट्ट्या बसवल्या, वरून गाडी गेली की वजनाने त्या एकमेकींना टेकायच्या आणि सर्किट पुरं व्हायचं. या वजनवाल्या पट्ट्या तीस वर्षांहून जास्त चालल्या. लूप आला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे ज्यांच्या आजोबांनी सांगितलं की वजनाने सिग्नल बदलतो, ते आजोबा त्यांच्या काळात बरोबर होते.

पहाटेचा_स्वार

मास्तर, बांगडीचं वाचून एकदम लख्ख झालं. रविवारी दिवसा चौकात चालत जाऊन खाच शोधणार आहे, पहाटे अंधारात दिसणार नाही.

नेपरविलकर

इलिनॉयवाले वाचत असतील तर, आमच्याकडे २०१२ पासून १२० सेकंदांचा नियम आहे, मोटरसायकल आणि सायकलला. पण २० लाखांवर वस्तीच्या शहराला तो लागू नाही, म्हणजे सरळ सांगायचं तर शिकागोत नाही. उपनगरात चालतं म्हणून शिकागोत गेलात आणि तेच केलंत तर तिकीट. मी घेतलंय तिकीट, आणि चूक माझीच होती, मी कायदा अर्धा वाचला होता.

मिनेसोटाचं वेगळं आहे, तो या बाबतीत पहिला, २००२ चा. तिथे किती सेकंद ते दिलेलं नाही, आणि तो परवानगी देत नाही, बचाव देतो. तिकीट मिळू शकतं, मग कोर्टात तुम्ही दाखवायचं की पूर्ण थांबलो होतो, सिग्नल अवाजवी वेळ लालच होता, तो बिघडलेला होता किंवा त्याला गाडी कळली नव्हती, आणि जवळपास कोणी येत नव्हतं. चारही गोष्टी लागतात. सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. वॉशिंग्टन राज्यात एक पूर्ण राऊंड थांबायचं. साऊथ कॅरोलिनात १२० सेकंद. राज्याची सीमा ओलांडून राईडला जाता तेव्हा हे बघून निघा, ग्रुपमधल्या कोणाचं तरी ऐकून नको.

लेस्टरची_पोर

यूकेत खांबावर सिग्नलच्या दिव्यांच्या वर एक छोटा डबा दिसतो, तो बरेचदा मायक्रोवेव्ह डिटेक्टर असतो आणि त्याला जवळ येणारी हालचाल कळते. हळूहळू सरपटत आलं की तो चुकवतो. मी गाडी पायाने दोन-तीन फूट मागे ढकलून परत पुढे येते, खूपदा लागतो. मागे कोणी नसेल तरच अर्थात.

पुणे_सायकल_वारी

वाचून नवल वाटलं, आपल्याकडे बहुतेक सिग्नल टायमरवर, आकडे उतरत जातात, कोणी असो वा नसो हिरवा होणारच. अडकून पडायची भीती नाही, पण रात्री रिकाम्या चौकात ९० सेकंद बघत बसायचं आणि मग कोणी थांबतच नाही. तुमच्याकडे गाडी बघून बदलतो ते एका अर्थी चांगलंच, फक्त त्याला सगळ्या गाड्या दिसल्या पाहिजेत ना.

पेटीतला_माणूस

अगदी. आणि ते दिसणं हे उपकार नाहीत, निदान स्वारदादाच्या राज्यात तर नाहीच. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात कलम २१४५०.५ आहे. असा सिग्नल नव्याने बसवला किंवा त्याचे लूप बदलले तर शक्य तितकं मोटरसायकल आणि सायकल ओळखेल असाच बसवायचा आणि राखायचा. २००७ साली विधेयक मंजूर झालं, २००८ पासून लागू. तेव्हा तक्रार लिहिताना गयावया करायची गरज नाही, कलमाचा आकडा घाल.

तक्रारीत काय लिहायचं ते सांगतो, कारण आमच्याकडे येतात त्यातल्या निम्म्या तक्रारी "सिग्नल खराब आहे" एवढ्याच असतात. मग मी दुपारी दोनला जातो, कार येतात, बाण पडतात, मी लिहितो "दोष आढळला नाही" आणि परत. लिहायचं असं: कुठला चौक, कुठल्या दिशेने येताना, कितवी लेन, वार आणि वेळ, किती राऊंड थांबलो, कुठली गाडी, आणि ठळक अक्षरात की मी स्टॉप लाईनच्या मागे खाचेवर उभा होतो आणि कार ओळखली जाते, मोटरसायकल नाही. हे वाचलं की मला पेटी उघडून त्या लेनच्या कार्डाची लेव्हल चढवायची हे लगेच कळतं. काम पाच मिनिटांचं. लेव्हल फार चढवली तर शेजारच्या लेनमधली कारही त्या लूपला लागायला लागते, म्हणून कधी कधी दोन फेऱ्या मारून जुळवावं लागतं, तेव्हा पहिल्यांदा नाही जमलं तर परत कळवा, आम्हाला राग येत नाही.

स्कूटरवाली_मावशी

हे तुम्ही आठ वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं हो. मी पहिल्या दोन तक्रारींत नेमकं "सिग्नल खराब आहे" एवढंच लिहिलं होतं.

पहाटेचा_स्वार

अपडेट देतो.

रविवारी चालत गेलो. माझ्या लेफ्ट लेनमधे एकामागे एक चार गोल आहेत, शेवटचा स्टॉप लाईनच्या जेमतेम फूटभर मागे. मी जिथे उभा राहायचो ती जागा त्याच्या सहा-सात फूट पुढे निघाली. इतके महिने मी त्याच्या नजरेबाहेर उभा होतो.

सोमवारी पहाटे स्टॉप लाईनच्या मागे थांबलो, गोलाच्या डाव्या टोकावर दोन्ही चाकं. आडवा रस्ता हिरवा, पिवळा, लाल, आणि माझा बाण! हेल्मेटमधे ओरडलो मी. मंगळवारी परत आला. बुधवारी नाही आला, दोन राऊंड थांबलो आणि मावशींसारखं उजवीकडून फिरून गेलो. गुरुवारी आला. म्हणजे काठावर आहे बहुतेक. काल रात्री तक्रार लिहिली, पेटीतल्या दादांनी सांगितलं तशी, कलमासकट.

आता दुसरं. पुढे शाळेजवळ अजून एक सिग्नल आहे तिथे खाच नाहीच, डांबर नवीन आहे. तिथे पण मी अडकतो.

पेटीतला_माणूस

वर बघ. आडव्या खांबावर किंवा दिव्याच्या खांबावर लेनकडे तोंड केलेला कॅमेरा आहे का? असेल तर तिथे सगळे नियम बदलतात. पेटीत त्या चित्रावर आम्ही लेनमधे चौकट आखतो आणि चौकटीत गाडी आली की मागणी लागते. मग कडेला नको, लेनच्या मधे उभा राहा, स्टॉप लाईनच्या मागेच. रात्री साधा कॅमेरा मुख्यतः हेडलाईट बघतो, एकच दिवा असला की गडबडतो. पहाटे सूर्य थेट भिंगात येतो तेव्हाही. लो बीम नीट चालू ठेव आणि हँडल सरळ ठेव.

कॅमेरा नसेल तर लेनच्या मधे साधारण चार इंची गोल ठिगळ आहे का बघ, त्याखाली मॅग्नेटोमीटर असतो. तो मात्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातला बदल बघतो, त्याला लोखंड लागतं, म्हणून इंजिन त्या ठिगळाच्या वर आणायचं. आणि दोन्ही नसेल तर लूप नव्या डांबराखाली दडलेला असू शकतो, मग तक्रारीत लिही की जागा दाखवणारी खूण रंगवा. सायकलचं छोटं चित्र असतं, त्याच्या वर आणि खाली एकेक उभी रेघ, त्यावर चाकं ठेवायची म्हणून. मोटरसायकललाही तीच जागा चालते.

मिलवॉकीचा_वऱ्हाडी

ही खूण इथे किती वर्षं बघतोय, सायकलवाल्यांसाठी लेन आहे समजून मी बाजूने जायचो!! उद्यापासून तिच्यावरच.

निवृत्त_मास्तर_नाशिक

काल जावयाच्या सायकलवर मी आणि नात दोघं प्रयोग करून आलो, घरामागच्या छोट्या चौकात. खाचेवर चाकं ठेवली, दिवा आला. मधे ठेवली, नाही आला. तिसऱ्यांदा नातीने स्वतः ठेवली. ती आता प्रत्येक चौकात खाच शोधते.

पहाटेचा_स्वार

पुन्हा मीच, साडेतीन आठवड्यांनी.

नवव्या दिवशी ईमेल आलं, टेक्निशियन येऊन गेला, डिटेक्टरची सेन्सिटिव्हिटी वाढवली, पुन्हा त्रास झाला तर कळवा. तेव्हापासून अकरा पहाटा, अकरा बाण. एकदाही फिरून जावं लागलं नाही. घरीही सगळं सांगितलं, लाल ओलांडला होता तेही. बायको एक दिवस कार घेऊन मुद्दाम मागे आली होती बघायला, लांब थांबली, म्हणजे तिच्या कारने बाण पडायला नको.

शाळेजवळ कॅमेराच आहे, दादा म्हणाले तसा, आणि पूर्वेकडे तोंड. अंधार असताना लेनच्या मधे उभा राहिलो की येतो. पण शनिवारी उशिरा निघतो तेव्हा ऊन बरोब्बर कॅमेऱ्याच्या समोरून आलेलं असतं आणि त्या वेळी दोनदा अडकलो. दोन्ही दिवसांची वेळ, लेन, किती राऊंड थांबलो सगळं लिहून ठेवलंय. या शनिवारी तिसऱ्यांदा बघतो आणि मग एकत्र पाठवतो.